टेप निघाली, गोंद राहिला

अनंत चतुर्दशी उलटली की घराघरांत मखर उतरवायचं काम निघतं. 2018 मध्ये राज्य सरकारने थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आणली आणि थर्मोकोलची जागा पुठ्ठा, कागद आणि कापडाने घेतली. कपाटातली एखादी साडी नाहीतर बैठकीच्या खोलीतला पडदाच मागे ताणायचा, त्यावर डबल टेपने कागदी फुलं डकवायची, कडेची झालर ग्लू गनने बसवायची. दहा दिवस सगळं छान शोभतं. उतरवताना फुलं निघतात, टेपची पट्टीही ओढली की सुटते. मागे राहतो तो बोटाला ओढ देणारा पारदर्शक पट्टा. संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ बसून तो काळपट दिसायला लागतो. मग साडी घाईघाईने गरम पाण्याच्या मशीनमध्ये जाते, उन्हात वाळते, इस्त्रीखाली येते, आणि अर्ध्या तासाच्या कामात निघाला असता असा डाग कायमचा मुक्कामाला येतो.

यात साबणाचा काही दोष नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलकट पदार्थाला धरतं, दुसरं पाण्याला. मळाचे सुटे कण असे उचलले जातात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. गोंद मात्र सुटा नसतो. तो लांबच लांब साखळीरेणूंचा गुंता असतो आणि तो गुंता कापडाच्या तंतूंमध्ये अडकलेला असतो. त्यातला एक कण उचलायला जावं तर बाकीचे त्याला धरून ठेवतात. उष्णतेने तर उलटंच होतं. गोंद पातळ होतो, आणि सुताचा पीळ त्याला दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा आत ओढून घेतो. वरवर बसलेला थर इस्त्रीनंतर दिसेनासा होतो, तेव्हा तो निघून गेलेला नसतो, धाग्याच्या पोटात गेलेला असतो. चार दिवसांनी तिथे पुन्हा काळा डाग उमटतो.

घरगुती सल्ल्यांची यादी लांब असते: बर्फ लावा, तेल लावा, व्हिनेगर लावा, नेलपॉलिश रिमूव्हर लावा, हेअर ड्रायर फिरवा. यातला प्रत्येक सल्ला कुठे ना कुठे बरोबर असतो, म्हणूनच तो टिकून राहिलेला असतो. घोळ होतो तो कुठल्या गोंदाला काय, हे न पाहिल्यामुळे. खरं तर बघायची गोष्ट एकच आहे. गोंद घट्ट कशाने झाला? पाणी उडून गेल्याने झाला असेल तर पाण्यानेच तो पुन्हा नरम होतो. थंड होऊन झाला असेल तर त्याचं औषध तापमानात आहे. काही गोंद मुळात घट्ट होतच नाहीत. आणि काही रासायनिक अभिक्रियेने घट्ट होतात. त्यांची वाट सहसा एकेरी असते.

टेप, स्टिकर, किमतीची चिठ्ठी, नव्या शर्टावरची मापाची उभी पट्टी आणि कपाळावरची टिकली ही सगळी मंडळी कधीच न सुकणाऱ्या गोंदाच्या घरची. हा गोंद जन्मभर अर्धवट द्रव राहतो. दाबला की पृष्ठभागाच्या बारीक खड्ड्यांत पसरतो आणि ओढला की घन असल्यासारखा विरोध करतो. चिकटपट्टीचा आजचा अवतार अमेरिकेतल्या रिचर्ड ड्र्यू याच्या नावावर आहे. 1920 च्या दशकात तिकडे दोन रंगांच्या मोटारींची फॅशन होती. एक रंग मारताना दुसरा झाकायला रंगारी वर्तमानपत्रं चिकटवत, आणि ती काढताना खालचा ताजा रंगही सोलून येई. थ्री एम कंपनीत काम करणाऱ्या ड्र्यूने 1925 मध्ये त्यासाठी मास्किंग टेप बनवली, आणि 1930 मध्ये सेलोफेनची पारदर्शक टेप आली. ती बाजारात आली तेव्हा महामंदी सुरू होती. फाटलेलं, तुटलेलं फेकून देणं परवडत नव्हतं, त्यामुळे टेपचा जम बसला. म्हणजे सहज निघावी म्हणून जिचा शोध सुरू झाला, तिच्याच खुणा काढण्यासाठी आज प्रकरणं लिहावी लागतात.

त्या काळच्या टेपचा गोंद रबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा होता. आजही बऱ्याच स्वस्त टेपांचा तसाच असतो. डबल टेप आणि चांगल्या प्रतीचे स्टिकर बहुतेक अ‍ॅक्रिलिक गोंदाचे. घरात बसून हा फरक डोळ्यांना कळत नाही, पण थेंबाला कळतो. रबरी गोंद तेलात सैल होतो, अ‍ॅक्रिलिक गोंद स्पिरिटमध्ये. डागाच्या एका कोपऱ्यावर तेलाचा थेंब, दुसऱ्यावर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटचा थेंब टाकावा आणि दहा मिनिटांनी बोटाने चोळून बघावं. जिथे गोंदाच्या बारीक रबरी वळ्या व्हायला लागतात, तो आपला उपाय. सॅनिटायझरही चालतो, पण पाण्यासारखा पातळ. जेलमधले घट्ट करणारे पदार्थ डागात आणखी भर घालतात.

रबरी गोंदाला तेल हे ज्ञान कोकणाला टेपच्या कितीतरी आधीपासून आहे. फणस कापायला बसताना विळीला आणि हातांना आधी खोबरेल चोपडायचं, ही तिथली पहिली पायरी. कापा असो की बरका, चीक सुटणारच. ताजा असताना तो दुधासारखा पातळ असतो, हवेत गोठतो आणि मग कशालाही धरून बसतो. राळेचं प्रमाण भरपूर असल्यामुळे काही ठिकाणी फुटकी मातीची भांडी सांधायला, होडीच्या फटी बुजवायला आणि पक्षी पकडायलाही तो वापरत आले आहेत. साडीच्या निऱ्यांवर असा चीक पडला की पाण्याचा काही इलाज चालत नाही, कारण रबर आणि राळ दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. तेलात मात्र त्यांचे रेणू मिसळतात. तेलाचे छोटे रेणू त्या गुंत्यात शिरतात, साखळ्या एकमेकींपासून दूर सारतात आणि गोंद फुगून सुटतो. मग कापडावर उरतो तो तेलाचा डाग, आणि तेलाचा डाग काढणं हे साबणाचं रोजचंच काम. अशा वेळी कपड्यांच्या पावडरीपेक्षा भांडी घासायचा लिक्विड साबण सरस. तो पाण्याआधी, कोरड्या डागावरच चोळावा.

तेल कुठलंही चालत नाही. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून स्वतःच घट्ट होतं. चित्रकार आणि रंगारी ते वापरतात ते याच गुणासाठी. करडईचं तेल तितकं नाही, पण त्याच वाटेचं. तेलाच्या बाटलीच्या गळ्यापाशी जो चिकट पिवळा थर साचतो तो हाच प्रकार. गोंद काढायला गेलं आणि आठवड्याने नवा गोंद तयार झाला, अशातली गत. खोबरेलातली मेदाम्लं बहुतांश संतृप्त असल्याने ते सुकत नाही. थंडीत 24 अंशांच्या खाली ते थिजतं, तेव्हा किंचित कोमट करून घ्यावं. निलगिरीचं तेल आणखी कामाचं. ते गोंदात लवकर शिरतं आणि बरंचसं उडून जातं, मागे डाग कमी ठेवतं. उंदीर पकडायच्या चिकट पॅडवर चादरीचा कोपरा पडला, तरी उपाय तेलाचाच. पूर्वी या सगळ्याला रॉकेल होतं. रेशनच्या रॉकेलबरोबर तो उपायही घरातून गेला. रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन ते काम करतं. थिनर मात्र कापडाच्या वाटेला नेऊ नये. थिनर म्हणजे अनेक द्रावकांची भेसळ, आणि डब्यागणिक ती वेगळी.

काढायची रीत उपायाइतकीच महत्त्वाची. कापड उलटं करून, डाग खाली येईल असं, घडी घातलेल्या पांढऱ्या जुन्या पंचावर ठेवायचं. द्रावक मागच्या बाजूने लावायचा, म्हणजे सुटलेला गोंद धाग्यात न शिरता पंचात उतरतो. पाच मिनिटांनी कापड उचललं की पंचावर पिवळसर ठसा दिसतो. मग पंचाची कोरी जागा घ्यायची आणि पुन्हा तेच. वर जाडसर थर असेल तर तो आधी चमच्याच्या कडेने किंवा जुन्या एटीएम कार्डाने काठाकडून मध्याकडे खरवडायचा. सुरी घेतली तर गोंदाआधी धागा जातो. गोल गोल चोळण्याचा मोह फार होतो, पण त्याने रुपयाएवढा डाग ताटलीएवढा होतो. आणि या सगळ्याआधी शिवणीच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून पांढऱ्या कापसाने टिपून बघायचं. कापसावर रंग उतरला तर तिथेच थांबायचं.

टिकलीबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर, पदरावर तिचा गोंद लागतो तो स्पिरिटने निघतो, ते काही मोठं काम नाही. पण त्वचारोगतज्ज्ञांना टिकलीच्या गोंदाची वेगळी ओळख आहे. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल हे रसायन सापडलं आहे, आणि त्याने कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडू शकतो. तो कुठल्याच तेलाने जात नाही.

पाणी उडून घट्ट होणाऱ्या गोंदाचं भारतातलं घरगुती नाव फेविकॉल. त्याआधी सुतार सरस वापरत. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला हा सरस दर वेळी शिजवावा लागे, आणि त्याला वास येई तो वेगळाच. महुव्याहून मुंबईत आलेले, कायद्याची पदवी असूनही एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून राहिलेले बळवंत पारेख यांनी सुतारांची ही अडचण जवळून पाहिली. 1959 मध्ये त्यांनी पांढरा, न शिजवता वापरायचा गोंद बाजारात आणला. हा पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचं दुधाळ मिश्रण. पाणी उडालं की कण एकमेकांना भिडतात आणि पारदर्शक पापुद्रा होतो. शाळेच्या गणवेशावर, टेबलक्लॉथवर हा पापुद्रा हमखास सापडतो.

तो कोरडा असताना ओढू नये. धागे ओढले जातात. कोमट पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजत ठेवला की तो पुन्हा पांढरा होतो. काम जमत असल्याची ती खूण. हा पदार्थ 30 ते 40 अंशांच्या आसपास काचेसारख्या कडकपणातून रबरासारख्या मऊपणाकडे वळतो, म्हणून पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम लागतं. मऊ झालेला थर नखाने सोलून निघतो. सुतारकामाचे जलरोधक प्रकार याला दाद देत नाहीत, त्यांच्याशी झटापट करण्यात फारसा अर्थ नाही. पतंगाची कणकेची खळ आणि डिंक यांचं तर कौतुकच नको. साध्या पाण्यात तासभर ठेवले की गेले.

ग्लू गनची कांडी तापवली की वितळते आणि निवली की घट्ट होते. चिकटण्याची करामत एवढीच, त्यामुळे सोडवण्याचीही. झालरीचे तुकडे चिकटलेला पडदा प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवावा. थंडीने गोंद कडक होतो, कापड वाकवलं की ते वाकतं आणि गोंद वाकत नाही, म्हणून टचकन उडतो. कार्पेटवरच्या च्युइंगगमलाही हेच. कार्पेट फ्रीझरमध्ये जात नाही, तेव्हा पिशवीत बर्फ भरून वर ठेवायचा. धाग्यात उरलेला गोंद मात्र उष्णतेने काढावा लागतो. खाली-वर तपकिरी कागद ठेवून मध्यम तापलेली इस्त्री टेकवली की तो कागदात उतरतो. कागद दर वेळी नवा. दिवाळीत चादरीवर सांडलेलं मेणही असंच निघतं, फक्त रंगीत मेणाचा रंग मागे राहतो आणि तो स्पिरिटवर सोपवावा लागतो. म्हणजे ज्या इस्त्रीने टेपचा डाग पक्का केला, तीच इथे तारते. पॉलिस्टरला मात्र ती जपूनच लावावी; गोंद वितळायच्या आधी कापडच चकाकायला लागतं.

आता खरा उपद्रवी प्राणी. फेविक्विक किंवा तसल्या कुठल्याही सुपरग्लूमध्ये सायनोअ‍ॅक्रिलेट असतं. हॅरी कूव्हर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला ते 1942 मध्ये, युद्धासाठी बंदुकीच्या नेमाचं पारदर्शक प्लास्टिक शोधताना मिळालं. हात लावेल तिथे चिकटतं म्हणून त्याने ते बाजूला टाकलं. 1951 मध्ये जेट विमानांच्या काचेसाठी पुन्हा तोच पदार्थ तपासताना त्याचा सहकारी फ्रेड जॉयनर याने रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन प्रिझममध्ये त्याचा थर दिला, आणि ते महागडं उपकरण कायमचं जोडलं गेलं. तेव्हा कुठे कूव्हरच्या डोक्यात प्रकाश पडला. 1958 मध्ये तो पदार्थ गोंद म्हणून विकायला आला. पुढे 2010 मध्ये ओबामांच्या हस्ते कूव्हरला राष्ट्रीय पदक मिळालं ते मुख्यतः याच्याच जोरावर.

हा गोंद सुकत नाही, निवत नाही. पृष्ठभागावरच्या नाममात्र ओलाव्याने त्याचे रेणू एकापाठोपाठ एक जोडले जातात, आणि या जोडणीत उष्णता बाहेर पडते. सुती कापडात ओलावाही असतो आणि तंतूंचं क्षेत्रफळही अफाट, त्यामुळे ही क्रिया भराभर होते. कापसाच्या बोळ्यावर सुपरग्लू ओतला तर धूर येऊ शकतो. अंगावरच्या सुती कपड्यावर सांडून कातडी भाजल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणून सांडलेला सुपरग्लू कापसाने किंवा फडक्याने टिपू नये. कपडा लगेच अंगापासून दूर करावा, गार पाणी ओतावं आणि गोंद पुरता कडक होऊ द्यावा. डागाचा विचार नंतर.

त्या कडक ठिपक्याला अ‍ॅसिटोन लागतं, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर. मात्र बाटलीवर ‘अ‍ॅसिटोन फ्री’ लिहिलेलं नसावं. आजकाल तसेच जास्त मिळतात आणि ते इथे जेमतेम काम करतात. सुती, लिनन, पॉलिस्टर, नायलॉन यांच्या धाग्यांना अ‍ॅसिटोन काही करत नाही. अ‍ॅसिटेट नावाच्या कृत्रिम धाग्याला ते सरळ विरघळवतं. कोटाच्या आतलं चकचकीत अस्तर, काही सॅटिन, पडद्यांचे काही झुळझुळीत प्रकार अ‍ॅसिटेटचे असतात. अशा कापडावर थेंब पडला की डाग जातो, सोबत कापडही जातं. शंका असेल तर आतल्या शिवणीतून एक धागा उपसून काचेच्या वाटीत अ‍ॅसिटोनमध्ये बुडवावा. दोन-तीन मिनिटांत तो बुळबुळीत झाला की समजायचं काय ते. टिकल्या, जरीकाम, प्लास्टिकची बटणं यांच्यापासूनही अ‍ॅसिटोन लांबच बरं.

रेशमाचा विषय निराळा. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे धागे. धुण्याचा सोडा त्यांना खातो, आणि प्रथिनं पचवणारी विकरं असलेल्या डिटर्जंटला रेशीम आणि रक्ताचा डाग यांतला फरक कळत नाही. पैठणीच्या पदराला गोंद लागला तर घरच्या प्रयोगशाळेला कुलूप घालून ती ड्रायक्लीनरकडे द्यावी आणि ‘डाग पडलाय’ एवढंच न सांगता गोंद कुठला होता, कधी लागला आणि आजवर त्यावर काय काय ओतलं, हे सगळं सांगावं. ड्रायक्लीनिंग म्हणजे पाण्याऐवजी द्रावकाने धुणं. पॅरिसच्या जाँ बाप्तिस्त जोली या रंगाऱ्याच्या घरी टेबलक्लॉथवर दिव्याचं टर्पेंटाइन सांडलं आणि तेवढाच भाग स्वच्छ निघाला, अशी या धंद्याच्या जन्माची गोष्ट एकोणिसाव्या शतकापासून सांगतात. पुढे परक्लोरोइथिलीन आलं. ते पेट घेत नाही म्हणून लोकप्रिय झालं, पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला संभाव्य कर्ककारकांच्या यादीत घातलं आहे. म्हणून दुकानातून आणलेली साडी कपाटात ठेवण्याआधी प्लास्टिक काढून दिवसभर वाऱ्यावर टाकावी.

घरचे द्रावक तर पेट घेणारेच. स्पिरिट, अ‍ॅसिटोन, टर्पेंटाइन हे सगळे खिडकी उघडून, गॅस आणि देवापुढचं निरांजन विझवून वापरायचे. पेट्रोल अजिबात नाही. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ठिणगीने भडकते. द्रावक लावलेला कपडा तसाच मशीनमध्ये टाकू नये. वास पूर्ण जाईपर्यंत बाहेर वाळवावा, मग हाताने एक पाणी काढावं आणि नंतरच मशीन. इस्त्रीआधी तो भाग उजेडासमोर धरावा. धाग्यांमधली छिद्रं बाकीच्या कापडासारखी मोकळी दिसली पाहिजेत. तिथे धूसर दिसलं तर गोंद अजून आत आहे.

राहता राहिला दोन नळ्यांचा इपॉक्सी, म्हणजे अ‍ॅराल्डाइटसारखा. त्याचे दोन भाग मिसळले की साखळ्यांना आडवे दुवे जोडले जातात आणि सगळ्याची मिळून एकच जाळी बनते. तिला विरघळवेल असा घरगुती द्रावक नाही. ओला आहे तोवर स्पिरिटने पुसला तर ठीक, एकदा बसला की बसला. परीट पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाची खूण करत तीही याच जातीची. बिब्ब्यातली फिनॉलवर्गी तेलं हवा आणि चुना लागला की जोडली जाऊन काळी पडतात आणि कुठल्याच धुण्यात जात नाहीत, म्हणून तर परटाने ती निवडली. कातडीला लागला तर फोड उठवणारा तो रस शर्टाच्या गळपट्टीवर वर्षानुवर्षं बिनतक्रार राही. इपॉक्सी लागलेल्या सोफ्याच्या कव्हरवर त्याच कापडाचं ठिगळ लावावं किंवा रफूवाल्याला दाखवावं. नवं कव्हर शिवताना हातभर कापड जास्त घेऊन ठेवलं असेल, तर ठिगळ शोधूनही सापडत नाही.